पाच महिने घसा दुखतोय, मानही धरते : तपासणी कुठून सुरू करावी?

पत्र थोडक्यात असं : वय ४४. गुहागर तालुक्यातलं गाव. काजूच्या कारखान्यात सोलणीचं काम, दिवसाचे सात-आठ तास मान खाली. गणपतीनंतर सर्दी-ताप आला, आठवड्यात गेला, पण घसा राहिला तो राहिलाच. सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असतो, दिवसभर खाकरावं लागतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. जेवण मात्र नीट उतरतं. मान उजव्या बाजूने धरते आणि ठणका कानापर्यंत जातो. दोनदा अँटिबायोटिक झालं. थायरॉईडची तपासणी नॉर्मल. मानेच्या एक्स-रेत ‘मणक्यात गॅप’ निघाला. मेडिकलवाल्याने दिलेली दुखण्याची गोळी रोज चालू आहे. सासूबाई सकाळी सुंठ-मिरीचा काढा आणि रात्री हळदीचं दूध देतात. नात्यातले एक गृहस्थ घशाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून झोप उडाली आहे. ‘मला व्यसन कसलंच नाही, सकाळ-संध्याकाळ फक्त मिश्री लावते. इन्फेक्शन मुरलंय का? की तेच असेल? नवरा म्हणतो, मुंबईला जाऊन एकदाच काय ते सीटी स्कॅन, एंडोस्कोपी सगळं करून येऊ. जाऊ का?’

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मिश्री. ती म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि कुटलेली तंबाखूच. हिरडीवर पाच-दहा मिनिटं राहिली की निकोटिन तिथूनच रक्तात उतरतं, आणि थुंकीबरोबर थोडी पोटातही जाते. कोकणात कितीतरी बाया तिला दात घासायची पूड समजतात. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ‘नाही हो’ म्हणून मोकळ्या होतात, आणि त्यात काही लपवलं असं त्यांना वाटतही नाही. यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की विचारायची वाट न बघता ‘इतकी वर्षं मिश्री लावते’ हे आधी सांगा. त्याने तपासणीचा क्रमच बदलतो. कसा, ते पुढे येईल.

आधी ‘इन्फेक्शन मुरलं’ हे बघू. सर्दीबरोबर येणारी घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंची असते आणि आठवडाभरात आपोआप ओसरते. विषाणूंवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. जिवाणूंनी घसा धरला असता तर ताप, गिळताना कळा, टॉन्सिलवर पांढरट ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी असं चित्र दिसलं असतं आणि पहिल्या कोर्सलाच चांगला फरक पडला असता. पाच महिने दुखणं, ताप नाही आणि दोन कोर्स वाया, हे गणित जंतूंशी जुळत नाही. तिसरा कोर्स कोणी सुचवलाच तर ‘नेमकं कशासाठी?’ एवढं जरूर विचारा.

घसा नेमका कुठे दुखतो यापेक्षा कधी दुखतो, याने जास्त उलगडा होतो. तुमचा आवाज सकाळी बसलेला असतो. गिळायला काही नसताना नुसता आवंढा गिळला की अडकतं, भाताचा घास मात्र सरळ खाली जातो. ही बाब दिलासा देणारी आहे. खरोखर गाठ वाट अडवत असेल तर उलटं होतं : आधी भाकरी, चपाती अडकायला लागते, मग मऊ भात, आणि शेवटी पेजसुद्धा. तुमच्यासारखी लक्षणं बहुतेकदा जठरातलं आम्ल रात्री आडवं झाल्यावर वर येऊन स्वरयंत्राला लागत असलं की दिसतात. ‘पण माझ्या छातीत जळजळ होत नाही,’ असं तुम्ही म्हणाल. अनेकांना होत नाही. अन्ननलिकेचं अस्तर थोडंफार आम्ल सोसतं, स्वरयंत्राचं अस्तर फार नाजूक. तिथे थोडंसं पोचलं तरी घसा लाल होतो. मग आपण खाकरतो. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, आणखी सुजतात, म्हणून पुन्हा खाकरावंसं वाटतं. हे चक्र सर्दी गेल्यावरही महिनोन्महिने चालू राहू शकतं.

आता तुमचे उपचार त्या चक्राला काय करतात ते बघा. सुंठ-मिरीचा काढा, तोही अनशापोटी : आम्लाचा त्रास असलेल्या पोटाला तो झोंबतो. रात्री पेलाभर हळदीचं दूध पिऊन लगेच अंथरुणावर : भरलेलं पोट घेऊन आडवं होणं म्हणजे आम्लाला वाट करून देणं. मानेसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी बहुधा डायक्लोफेनॅक किंवा त्याच जातीतली असणार. ती रोज घेतली की जठराचं अस्तर सोलवटतं आणि आम्लाचा त्रास वाढतो. आणि मिश्रीतलं निकोटिन अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप ढिली करतं. म्हणजे मानेच्या दुखण्यावरची गोळी घशाचं दुखणं चालू ठेवते, आणि घशावरचे दोन्ही घरगुती उपायही तेच करतात. सासूबाईंना दोष नाही. सर्दीच्या चार दिवसांत काढ्याने बरं वाटतंच. पाच महिने चाललेल्या घशासाठी तो नव्हे, एवढंच.

चार ते सहा आठवडे पुढचं सगळं एकदम पाळा. एक-एक करून बघत बसलात तर महिने जातील आणि धीरही सुटेल. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. मालिका संपल्यावर साडेनऊला जेवून दहाला पाठ टेकायची, ही सवय आधी मोडा. कामावरून आल्यावर सात-साडेसातला जेवून घ्या. उशिरा भूक लागली तर दोन घोट पाणी. जेवल्यावर परकराची नाडी सैल करा. कमरेला काच बसला की पोटातला दाब वाढतो, हे कोणी सांगत नाही. रात्रीच्या जेवणात तळलेले मासे, तिखटजाळ तिकलं आणि सोलकढी महिनाभर नको. सोलकढी पित्तावर उतारा म्हणून आपल्याकडे प्यायली जाते, पण कोकम आंबटच असतं आणि सुजलेल्या घशाला ते लागतं. आवडत असेल तर दुपारच्या जेवणात वाटीभर घेऊन बघा, घसा काय म्हणतो ते लगेच कळेल. सकाळी कोऱ्या चहाऐवजी आधी उकड्या तांदळाची पेज घ्या आणि चहा तिच्यावर.

झोपताना दोन उशा घेऊ नका. उशांनी फक्त मान वाकते आणि पोट दुमडतं, म्हणजे घसा आणि मान दोन्हींचं नुकसान. खाट असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली सारख्या उंचीचे चिऱ्याचे किंवा लाकडाचे ठोकळे द्या, १५ ते २० सेंटिमीटर. जमिनीवर झोपत असाल तर गादीच्या खाली वाकळा अशा घाला की उतार कमरेपासून सुरू होईल. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल कमी वर येतं.

गुळण्यांचं प्रमाण : एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर, कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. दिवसातून तीनदा पुरे. मीठ वाढवून गुण वाढत नाही, घसा कोरडा पडतो. चटका बसेल इतकं गरम पाणी तर मुळीच नको. खाकरावंसं वाटलं की त्याऐवजी एक घोट पाणी प्या किंवा जोरात आवंढा गिळा. पहिले चार दिवस अवघड जाईल. सोलणीच्या टेबलाशी पाण्याची बाटली ठेवा आणि तोंडावर सुती फडकं बांधा, कारण काजूच्या लाल सालीचा भुगा आणि कारखान्यात बिया भाजत असतील तर त्यांचा धूर, दोन्ही घशाला लागतात. घरात चूल आणि रात्री डासांची कॉइल असेल तर तेही यात धरा. कॉइलऐवजी मच्छरदाणी.

नाकातून घशात शेंबूड उतरत असेल, सकाळी शिंकांचा सपाटा असेल, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरली की त्रास वाढत असेल, तर आम्लाबरोबर ॲलर्जीही असू शकते. त्यासाठी पाव लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून नाक धुवावं. पाणी उकळलेलंच हवं, विहिरीचं किंवा नळाचं तसंच नाही.

आता मान. एक्स-रेतल्या ‘गॅप’ला फार घाबरू नका. चाळिशीनंतर मणक्यांमधल्या गाद्या थोड्या झिजतात, आणि ज्यांची मान कधीच दुखली नाही त्यांच्या एक्स-रेतही हे दिसतं. हाताला मुंग्या येत असतील, मूठ ढिली पडत असेल, पेला हातून सुटत असेल, चालताना तोल जात असेल, तर मणक्याचा विचार करायचा. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

तुमच्या मानेचं कारण बहुधा सोलणीच्या टेबलावरच आहे. डोकं साडेचार-पाच किलोचं. ते सरळ असताना मणका पेलतो, पुढे झुकलं की मानेचे स्नायू. त्यातला एक नीट ओळखून घ्या : कानामागच्या उंचवट्यापासून तिरका उतरून छातीच्या हाडापाशी येणारा, मान वळवली की जाड दोरीसारखा उठून दिसणारा. हा आखडला की दुखणं जागच्या जागी राहत नाही. कानात, जबड्यात आणि गिळताना घशातही जाणवतं. घरी बघता येतं. आरशासमोर बसा, चेहरा डावीकडे वळवून उजवीकडचा हा स्नायू शोधा. मग चेहरा समोर आणा, उजवा कान किंचित उजव्या खांद्याकडे झुकवा म्हणजे स्नायू सैल पडेल, आणि मधला भाग अंगठा व बोटांच्या चिमटीत हलकेच धरा. नेहमीचाच कानातला किंवा घशातला ठणका उठला, तर दुखण्याचा मोठा वाटा या स्नायूचा आहे. आत गळ्याच्या दिशेने दाबायचं नाही, तिथे मेंदूला रक्त नेणारी वाहिनी असते. आणि दोन्ही बाजू एकदम तर कधीच धरायच्या नाहीत.

कामाची रचना बदलल्याशिवाय शेकून काही होणार नाही. काजूची ताटली टेबलावर सपाट ठेवू नका. खाली १५ सेंटिमीटरचा लाकडी खोका द्या आणि ताटली तुमच्याकडे थोडी कलती ठेवा, म्हणजे काजू डोळ्यांकडे येईल. कोपरं टेबलावर टेकलेली हवीत. किलोवर मजुरी मिळत असताना ‘दर अर्ध्या तासाला उठा’ हा सल्ला ऐकायलाच बरा वाटतो, हे कळतं. म्हणून तो असा पाळा : ताटली रिकामी झाली की पुढची भरायच्या आधी वीस सेकंद मान सरळ. घरी आल्यावर आडाळ्यावर बसून मासे कापणं, नारळ खवणं हीसुद्धा तीच वाकलेली मान. निदान भाजी तरी ओट्यावर उभ्याने चिरा. आणि हंडा किंवा गवताचा भारा डोक्यावर घेणं दीड महिना बंद.

व्यायाम दोनच, पण रोज. भिंतीला पाठ टेकून बसा, नजर समोर, हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे ओढा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा : डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवा, मग चेहरा हळूच उजवीकडे आणि किंचित वर वळवा, उजव्या बाजूला ताण जाणवेल. वीस सेकंद धरा, तीन वेळा. मग दुसऱ्या बाजूने. चक्कर आली की थांबा. झोपण्यापूर्वी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं शेक. कुशीवर झोपलात तर कान आणि खांदा यांच्यामधली जागा भरेल एवढीच उशी. गळपट्टा दोन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, स्नायू आळशी होतात. आणि सलूनमध्ये किंवा गावातल्या ‘नस बसवणाऱ्या’कडून मान कडकन मोडून घ्यायची नाही. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

दुखण्याची रोजची गोळी बंद करा. फारच ठणकलं तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, पुढची घ्यायला किमान सहा तास जाऊ द्या. पोटाला ती बरीच सौम्य. यकृताचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको. पित्ताची ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल डॉक्टरांनी दिलीच, तर ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर घेतली की गुण कमी येतो. घशाच्या तक्रारीत ती सगळ्यांना लागू पडत नाही, त्यामुळे आठ आठवड्यांत फरक नसेल तर तीच वर्षभर ओढू नका.

ज्यांचं दुखणं तुमच्यासारखं नाही अशांसाठी इथे थोडं थांबतो. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल चालू असेल तर त्याने कोरडा खोकला आणि घशात खवखव होऊ शकते. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून मिळते. गळ्यात गाठी सुजलेल्या नाहीत, ताप नाही, पण पाखाडी चढताना घसा-जबडा आवळतो आणि दोन मिनिटं बसलं की सुटतो, असं असेल तर आधी ईसीजी काढा. ते हृदयाचं दुखणं असू शकतं, विशेषतः मधुमेह असेल तर. सर्दीनंतर गळ्याचा पुढचा भाग हात लावताच दुखतो, छाती धडधडते, तर थायरॉईडला सूज असू शकते. तिलाही अँटिबायोटिक लागत नाही. आणि तारली किंवा पेडवे खाताना एका जागी टोचलं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच टोचत असेल तर भाताचे गोळे, केळी गिळत बसू नका. काटा त्याने आणखी आत रुतू शकतो. एक्स-रेत प्रत्येक काटा दिसतोच असंही नाही, तेव्हा ‘एक्स-रे साफ आहे’ यावर विसंबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. ताप आणि मानेवर सूज आली तर त्याच दिवशी.

मग मुंबई? तुमच्या वर्णनातलं बरंचसं आम्ल आणि स्नायूंकडे बोट दाखवतं. पण एकाच बाजूचा कान महिनोन्महिने ठणकणं, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज आणि मिश्री, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर घशात आत डोकावल्याशिवाय कोणी ‘काही नाही’ म्हणू नये. म्हणून वरचं सगळं आजपासून सुरू करा आणि त्याच्या निकालाची वाट न बघता येत्या पंधरा दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. त्यासाठी मुंबईत परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय गाठायची गरज नाही. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात जा. सिंधुदुर्गातल्या वाचकांना ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ. तज्ज्ञ नाकावाटे बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र बघतात. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, काम पाच-दहा मिनिटांत होतं, भरती व्हावं लागत नाही. तिथे संशयास्पद दिसलं तरच सीटी स्कॅन, तुकडा काढून तपासणं आणि मग मोठं रुग्णालय. सरळ सीटीने सुरुवात केली तर पैसे जातात, आणि अस्तरावरचा छोटा डाग सीटीत दिसायचा राहूनही जातो.

तोवर दिवसाच्या उजेडात आरशात तोंड बघा : गालाच्या आत, जिभेच्या कडा, मिश्री जिथे लावता ती हिरडी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेलं व्रण, किंवा तोंडात उभी तीन बोटं न मावणं, यातलं काही असेल तर ते दाखवून या. मानेवर न दुखणारी गाठ, वजन उतरणं, थुंकीत रक्त, घास अडकू लागणं, यातलं काही दिसलं तर पंधरा दिवससुद्धा थांबू नका. गाठीबरोबर संध्याकाळचा ताप असेल तर क्षयाचीही तपासणी होते. क्षयाचे उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. श्वास घ्यायला त्रास, लाळही गिळता न येणं, किंवा तापात मान पुढे वाकेनाशी होणं, अशा वेळी १०८ ला फोन.

मिश्री सोडणं तुम्हाला या सगळ्यात जड जाईल. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे खरंच घडतं, कारण निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते. सोडल्यावर आठ-दहा दिवस कोठा धरेल. तेव्हा उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी आणि रात्री भिजवलेल्या आठ-दहा मनुका. चिडचिड आणि डोकेदुखी पहिले तीन दिवस सर्वांत जास्त, मग उतरत जाते. दात घासायला साधी पेस्ट आणि तल्लफ आली की बडीशेप चघळा. सुपारी नको, तिचा वेगळाच त्रास. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत फोन आहे. घरात सासूबाईही मिश्री भाजत असतील तर दोघींनी एकाच दिवशी सोडा, नाहीतर तव्यावरचा तो वास तुम्हाला चौथ्या दिवशी परत ओढेल.

तज्ज्ञाकडे जाताना दोन्ही अँटिबायोटिकची रिकामी पाकिटं, थायरॉईडचा कागद आणि एक्स-रे सोबत न्या. हिमोग्लोबिन करून घेतलं नसेल तर तेही सांगा. रक्त फार कमी असेल तर घसा आणि गिळणं दोन्ही बिघडू शकतं. दुर्बिणीने साफ निघालं आणि तरी दीड महिना सगळं पाळून घसा निम्म्यानेही बरा नसेल, तर त्यांच्याकडेच परत जा आणि आम्लासाठी पोटाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागा. मान राहिली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि सोलणीला बसता तशा बसून दाखवा.